आजीवन हमी

पंपाच्या मोटारी बांधतो मी, भुसावळला, जामनेर रोडवर.
तांब्याची तार, वार्निश, जळक्या कॉइलचा वास.
केळीला पाणी चढवणाऱ्या किती मोटारींची पोटं
उघडून पाहिलीत, मोजली नाहीत.
त्यामुळं लोक माझ्याकडे काहीही दुरुस्तीला आणतात.

मार्चात निनाद करंदीकर नावाचा एकजण आला,
हतनूरला चार दिवस मासे धरायला उतरलेला.
बगलेत अॅल्युमिनियमची नळी,
नळीत कापडी पिशवी, पिशवीत चार तुकडे,
चौथ्याचं टोक गेलेलं.
“माशानं?”
“नाही हो,” तो म्हणाला, “गाडीच्या दारानं.”

किंमत त्यानं सांगितली नाही, मी विचारली.
तेवढ्यात साडेसातच्या दोन मोटारी येतात,
स्टार्टरसकट.

वजन एका पेरूएवढं.
आतून पोकळ, भिंत पोस्टकार्डाहून थोडी जाड.
त्या पोकळीत काय घालावं?
लोखंड घातलं तर वाकणार नाही,
तांबं वाकेल पण परत येणार नाही.
शेवटी झिपरू कोळ्याच्या जुन्या गळकाठीची चोय मागितली,
काचेनं तासली, सुईइतकी केली,
आत सारली. वरून रेशमाचे वेढे, वेढ्याला वेढा चिकटून,
आणि मोटारीचंच वार्निश.
रात्रभर शंभरच्या बल्बखाली.

सकाळी त्यानं दुकानासमोरच काठी जोडली.
सांध्यावरून बोट फिरवलं, सांधा कळला नाही.
दोरी मागे नेली
आणि थांबला.
म्हणाला, सगळं या थांबण्यात आहे,
मागची दोरी सरळ होऊ द्यायची,
काठीला तिचं वजन कळू द्यायचं.
मग पुढे.
दोरी हवेत लांबट कडी होऊन उलगडत गेली
आणि रसवंतीच्या पाटीखाली
राख पडावी तशी पडली.
उसाचा चरक थांबला. पोरगं म्हणालं, “अजून एकदा.”

संध्याकाळी मीही गेलो, सांडव्याच्या खाली.
तापी गुडघाभर, दगड कढत.
झिपरू त्याच्या जागेवर, चुलीच्या धुरात काळी झालेली काठी घेऊन.
दिवस मावळता खडस लागला.
काठी टोकापासून वाकत मुठीपर्यंत आली,
मी डोळे माझ्या वेढ्यांवरून काढले नाहीत,
माशाचं मला काही सांगू नका.

दोन वितींचा असेल. त्यानं ओल्या हातानं धरला,
गळ सोडवला, पाण्यात उभा धरून
दम येऊ दिला, आणि जाऊ दिला.
“सोडाचाच व्हता त धरला कायले?” झिपरू.

मग काठ्यांच्या गोष्टी निघाल्या.
झिपरू म्हणाला, बांबू आधी करकरतो,
सांगून मोडतो.
करंदीकर म्हणाला, ही सांगत नाही. सोसते, सोसते,
आणि एकदम बंदुकीसारखा आवाज.
कुठंतरी कधी लागलेला टोला आत धरून ठेवते म्हणे.
पण कंपनीची हमी आहे, आजीवन.
“कोणाच्या?” मी.
त्यानं कार्ड काढलं, बॅटरीच्या उजेडात वाचलं:
पहिल्या मालकाच्या.
“म्हंजे हा मेला का काठी बी मेली?”
झिपरू एवढा हसला की त्याचा गळ दगडात अडकला.

जूनमध्ये कुरिअर आलं.
कंपनीनं नवं टोक दिलं होतं, फुकट, बिनचूक,
म्हणून माझं टोक करंदीकरनं मला पाठवलं.
‘हे जास्त मऊ आहे,’ एवढंच चिठ्ठीत.

मी ते झिपरूला दिलं. त्यानं बांबूला बांधलं,
बांधलं कसलं, सायकलच्या ट्यूबनं आवळलं.
दिसायला वाईट. फेकतो मात्र लांब.

परवा घेऊन आला, दोरा सुटत होता.
अकरा वेढे उलगडले, बारा घातले.
“हमी देशीन का?” म्हणाला.
दिली नाही.
पिशवीतली वाम त्यानं काउंटरवर ठेवली,
जळक्या कॉइलीशेजारी,
अजून वळवळत होती.